वाडीखालचं दळण

आमदाराच्या ऑफिसात काम करते असं सांगितलं की लोकांचे दोनच प्रश्न ठरलेले असतात. एक, "तुमच्या साहेबांना सांगून आमचं एवढं काम होईल का?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "खरं सांगा, आमदार नेमकं करतात तरी काय?"

पहिल्या प्रश्नाला मी "बघते" म्हणते. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी बापूंची स्वीय सहायक. बापू म्हणजे आमचे आमदार. त्यांचं खरं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण ही त्यांची जाहिरात नव्हे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, जिथं पाऊस पडत नाही तर राहायला येतो, त्या डोंगरपट्ट्यातला आमचा मतदारसंघ. ऑफिस मात्र नाशिकमध्ये, कारण सगळी सरकारी खाती इथं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी अर्धाच दिवस जाते, पण किल्ली अजून माझ्याकडेच असते.

आमच्याकडे येणाऱ्या माणसांना निम्म्या वेळा आमदार नको असतो, कोणीतरी ऐकणारं हवं असतं. डीपी जळाली, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही, दवाखान्यात खाट मिळत नाही, ही रोजची कामं. पण एकदा मनमाडचे एक रेल्वेतले गृहस्थ आले होते. मुलीचं लग्न होतं आणि वऱ्हाडासाठी एक एक्स्प्रेस एका छोट्या स्टेशनावर जरा वेळ थांबवायची होती. मी म्हटलं, "अहो, मनमाड आमच्या मतदारसंघात येत नाही आणि रेल्वे आमदाराचं ऐकत नाही." ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. रेल्वेत जन्म गेला माझा. पण घरी सांगता येईल ना, की आमदारापर्यंत जाऊन आलो." चहा घेऊन समाधानानं गेले.

कामाची खुबीही सांगून टाकते. आमदाराच्या पत्रावर 'योग्य ती कार्यवाही करावी' असं असलं तर ते पत्र फायलीत झोपायला जातं. 'तातडीने' असलं तर फाईल कूस बदलते. आणि पत्रामागोमाग आमदारांनी स्वतः फोन केला, तरच काम उठून चालू लागतं. फोन कोणासाठी करायचा आणि कोणासाठी नाही, हे ठरवणं म्हणजे माझी नोकरी. समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यातलं खरं किती आणि पदरचं किती, हे मला ओळखता येतं असा माझा समज होता.

हिराबाई आली त्या दिवशी तो समज उपयोगी पडला नाही.

हिराबाई म्हणजे वरच्या वाडीची. गावाचं खरं नाव वेगळं आहे, पण आसपासचे सगळे वरची वाडीच म्हणतात. डोंगराच्या कुशीत, उतारावर एकाखाली एक अशी घरं, खाली भाताची खाचरं. हिराबाई ग्रामपंचायतीची उपसरपंच. चाळिशीची, काटक, मोजकं बोलणारी. यापूर्वी पाण्याच्या टाकीसाठी आली होती तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आत काम सांगून मोकळी झाली होती. या वेळी मात्र बसून राहिली. पावसाळा नुकताच लागला होता आणि तिच्या लुगड्याचा काठ जीपच्या चिखलानं भरलेला होता.

"बोल हिराबाई."

"बाई, हसू नका."

"नाही हसत."

"आमच्या गावाखाली कोन तरी दळतंय."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं तळहात उताणा धरून दुसऱ्या हाताची मूठ त्यावर गोल फिरवली. "जातं. घर्र घर्र. जमिनीच्या आत. दुपारची सामसूम झाली का आयकू येतं. आधी म्हादूबाबाच्या घरात येत व्हतं, आता समद्यांच्या येतंय."

मी हसले नाही. पण मनात म्हटलं, गेलं आता हे काम. ज्या घरात मी वाढले तिथं वडिलांनी बावीस प्रतिज्ञा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावल्या होत्या. नवस नाही, अंगात येणं नाही, भूतखेत नाही. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत कोणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की वडील शांतपणे विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस?" तोच प्रश्न मी हिराबाईला विचारला.

"दिसत नाय वो. आयकू येतं. तुम्ही या, म्हंजे तुम्हालाबी येईल."

बापू अधिवेशनासाठी मुंबईला होते. त्यांचा तालुक्याचा दौरा ठरवायला मला तिकडं जायचंच होतं. म्हटलं, येते.

वाडीत पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. ढग इतके खाली उतरले होते की वरच्या घरांची छपरं दिसत नव्हती. गाडीतून उतरल्या उतरल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जरा वेळानं लक्षात आलं, की गावात एकही कुत्रं जमिनीवर बसलेलं नव्हतं. एक बैलगाडीच्या साटीवर होतं, दोन दगडी गडग्यावर अंग चोरून उभी होती. आम्हाला बघून भुंकलीही नाहीत. कोंबड्या भर दुपारी फणसावर चढून बसल्या होत्या.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"आवाज लागला तवापासून," हिराबाई म्हणाली. "आन ती झाडं बघा."

वाडीच्या वरच्या अंगाला सागाची रांग होती. सगळी झाडं गावाकडं वाकलेली. वाऱ्यानं झाड वाकतं तशी नव्हे. मुळापासून कललेली, जणू माणसं माना पुढं काढून खाली काय चाललंय ते बघताहेत.

म्हादूबाबाचं घर सगळ्यांत वर. म्हातारा दारातच बसला होता. डोळे अधू, कान मात्र तिखट. त्याची बायको ठकूबाई आदल्या थंडीत वारली होती. वाडीत पिठाची गिरणी कधीच आली नाही. मिक्सर आले, टीव्ही आले, पण नागली दळायला लोक खालच्या गावी जायचे, नाहीतर ठकूबाईच्या जात्यावर. पहाटे तिच्या जात्याच्या आवाजावर अख्खी वाडी उठायची. ती गेल्यावर म्हाताऱ्यानं जातं कोपऱ्यात तसंच ठेवलं होतं, वर फडकं झाकून.

"आत या," तो म्हणाला. "ती दळतीये अजून. बसा, मंग येईल आयकू."

दार लावून घ्यावं म्हणून मी ओढलं, तर ते लागेना. वरचा कोपरा चौकटीला अडकत होता, खाली मात्र बोट जाईल एवढी फट. "चांगलं लागायचं," हिराबाई म्हणाली. "समद्यांची दारं अशीच झाल्यात."

मग तिनं मला जमिनीवर बसवलं. "गाल टेकवा. कान नाय, गाल."

सारवलेली जमीन गार होती. आधी माझ्याच रक्ताचा ठोका ऐकू आला. हिराबाई श्वास रोखून उभी होती. आणि मग, फार खालून, तो आवाज आला. घर्र... मधे थांबा... घर्र. दगडावर दगड. एक फेरा पुरा व्हावा, बाईनं मूठभर धान्य घालावं आणि पुन्हा खुंटा ओढावा, इतका तो सावकाश आणि ठाम होता. गालाच्या हाडात तो लागत होता. मी कोपऱ्यातल्या जात्याकडं पाहिलं. फडकं जागच्या जागी होतं.

मी उठले तेव्हा माझ्या हातावर काटा होता आणि ते मला आवडलं नाही.

"आली ना आयकू?" म्हादूबाबानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. पाहुण्याला बायकोच्या हातची भाकरी आवडली की माणूस बघतो, तसा तो माझ्याकडं बघत होता.

परत येताना ओढ्यावर थांबलो. वाडीचा झरा पिढ्यान्‌पिढ्या एका जागी होता. तो आटला होता, आणि तेही भर पावसाळ्यात. पाणी बरंच खाली दुसऱ्याच जागी फुटलं होतं, पांढुरकं, ताकासारखं.

बापूंना फोनवर सगळं सांगितलं. बापू शेतकरी माणूस, पण हसण्यावारी न्यायची सवय फार. "बाई, तुम्हीसुद्धा?" म्हणाले. मी म्हटलं, "मी भुताचं सांगत नाही. दारं लागत नाहीत, झाडं कलली आहेत, झरा सरकला आहे. आवाजाचं जाऊ द्या." आवाजाचं जाऊ द्या म्हणताना मला माझाच राग आला, कारण आवाजच मी सर्वांत जास्त मनावर घेतला होता.

त्यांनी फोन फिरवला, त्यामुळे तज्ज्ञांचं पथक लगेच आलं. सभ्य, शिकलेली माणसं होती. नेमकी त्या दिवशी उघडीप होती. त्यांनी उताराची मापं घेतली, माती पिशव्यांत भरली. त्यांच्यातले एक जण म्हादूबाबाच्या ओट्यावर उभे राहून "कुठंय आवाज?" असं विचारत होते आणि अंगणात त्यांचीच जीप चालू होती. जाताना मला म्हणाले, "मॅडम, उतार तीव्र आहे हे खरं. पण पश्चिम पट्ट्यात कुठला नाही? सगळीच गावं हलवायची का?"  आणि जीपमध्ये बसले.

बापूंनी सभागृहात लक्षवेधी लावली. वाचकांना सांगायला हवं, लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. तिला मंत्री निवेदनानं उत्तर देतात. निवेदन आलं: पाहणीत असा कोणताही आवाज आढळून आला नाही, सबब पुनर्वसनाचा प्रश्न उद्भवत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी घर्र घर्र असा आवाज काढला आणि सभागृह हसलं. ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर होती. बापूंना 'भुताचा आमदार' हे नाव तेव्हाच पडलं.

रविवारी बापू मला घेऊन थेट वाडीत आले. चिडलेले होते, माझ्यावरही. म्हादूबाबाच्या घरात भिंतीला टेकून बसले आणि मला म्हणाले, "बाई, माझी इज्जत गेली त्याचं काही नाही, पण इथून पुढं मी खऱ्या कामासाठी बोललो तरी लोक..."

तिथंच थांबले. वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी पाठ भिंतीपासून हळूच सोडवली, जणू भिंत तापली होती. मग वळून त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला.  बाहेर कुत्रं गाडीच्या साटीवर उभं राहून आमच्याकडं बघत होतं.

हात काढून बापू म्हणाले, "हिराबाई, माणसं गोळा कर. आजच जायचं."

पलीकडच्या पठारावर आश्रमशाळेची जुनी इमारत रिकामी होती. तहसीलदार चांगले होते. लेखी काही देता येणार नाही म्हणाले, पण ताडपत्र्या आणि धान्य पाठवलं. लोक भ्यालेलेच होते, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. गुरं हाकली, भांडी डोक्यावर घेतली. अडला तो एकटा म्हादूबाबा.

"मी नाय येत," तो म्हणाला. "माझी बायको हाय ती. तुम्हाला कशापायी भ्या वाटतं? ती कवा कोनाच्या वाईटावर व्हती का? मेल्यावर मला एकट्याला झोप नाय लागली. हा आवाज आला तवापासून लागती."

बापूंनी समजावलं, मी समजावलं. शेवटी हिराबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, ती कोनासाठी दळतीये?"

"आपल्यासाठीच की."

"मंग खायाला आपन जित्तं नको?"

 म्हातारा उठला, जात्यावरचं फडकं नीट केलं आणि दार लागत नसतानाही ओढून घेऊन निघाला.

पुढचे दिवस आठवले की मला त्या शाळेतला ओल्या घोंगड्यांचा वास येतो. पाऊस कोसळत होता आणि घडत काहीच नव्हतं. एका खोलीत चार-चार घरं. लहान मुलं खोकत होती. बाया चुलीवरून भांडत होत्या. आवणीचे दिवस, त्यामुळे माणसं सकाळी ओढा ओलांडून वाडीखालच्या खाचरांत जायची, रोपं लावायची, संध्याकाळी परत यायची. आली की सगळे एकच विचारायचे.

"चालू हाय?"

"चालूच हाय."

मी आठवड्यातले बरेच दिवस तिथंच असायची. कारण बापू मुंबईत अडकले होते आणि लोकांना वाटायला लागलं होतं की आपल्याला आणून टाकलं आणि विसरले. विरोधी गटाची माणसं येऊन सांगायची, "अरे, घरं सोडून बसलात, आमदार तिकडं हसतोय." काही कुटुंबं परतायच्या बेतात होती. मी आज उद्या करत त्यांना थोपवत होते. खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत होता. एखाद्या सरकारी पथकानं नाही म्हटलेलं, मी एका गालानं ऐकलेलं, त्याच्या जोरावर अख्खं गाव उचलून आणलं होतं.

मग एका संध्याकाळी खाचरातून माणसं आली ती हसतच.

"थांबलं!"

"काय थांबलं?"

"जातं. सकाळधरनं नाय. घरात जाऊन आयकलं, म्हादूबाबाच्या घरात, खालच्या घरात, कुठंच नाय. कुत्रीबी खाली बसल्यात."

शाळेत एकदम जत्रेसारखं झालं. बाया गाठोडी बांधायला लागल्या. कोणी म्हणालं देवीला कोंबडं द्यायचं, कोणी म्हणालं सकाळी उजाडायच्या आत निघू. मलाही हायसं वाटलं. लोक घरी जातील, बापूंची चेष्टा होईल, पण ती काय, निवडणुकीपर्यंत विसरतील.

हिराबाई मात्र खांबाला टेकून उभी होती. मी म्हटलं, "काय गं, तुला आनंद नाही?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "दळन संपलं का मानूस काय करतं, बाई?"

"काय करतं?"

"पीठ भरून घेतं."

मी तशीच पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले. शाळेत फक्त टाकीजवळच फोन लागायचा. बापूंना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "थांबला? आपोआप? एवढ्या पावसात?" मग हिराबाईचं वाक्य सांगितलं. फोनवर बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता, माझ्या बाजूचा आणि त्यांच्या.

"बाई, मी आत्ता निघतो. सकाळी पोचतो. तोवर एकाही माणसानं ओढा ओलांडता कामा नये."

"कसं थोपवू? ते गाठोडी बांधून बसलेत."

"सांगा की आमदार सकाळी घरांच्या नव्या जागा वाटायला येताहेत. जो समोर हजर नसेल त्याचं नाव लागणार नाही."

"जागा आहेत का?"

"नाहीत."

आमच्या धंद्यात थापा मारायची वेळ कधी येत नाही असं मी म्हणणार नाही. पण इतक्या थंड डोक्यानं मी कधी मारली नव्हती. व्हरांड्यात उभं राहून सांगितलं आणि ती लागू पडली. जागेसाठी माणूस थांबतो. गाठोडी पुन्हा सुटली.

सकाळी धुकं इतकं होतं की व्हरांड्यातून अंगणातला हापसा दिसत नव्हता. सगळे आवरून, धुतलेली टोपी घालून बसले होते. हिराबाई घरागणिक माणसं बघत फिरत होती. एका खोलीच्या दारात थांबली.

"म्हादूबाबा कुठंय?"

त्याचा पुतण्या डोळे चोळत म्हणाला, "गेला की उजाडताना. म्हनला, ती का थांबली ते बघून येतो."

त्याला जागा नको होती. माझी थाप त्याच्यासाठी नव्हतीच.

हिराबाई अंगणात धावली. मी तिच्या मागं जाऊन तिचं मनगट धरलं. का धरलं ते सांगता येत नाही, पण त्याच वेळी वास आला. आधी वास आला, हे मी अजून लोकांना सांगते आणि त्यांना पटत नाही. खणलेल्या ओल्या मातीचा, आणि त्यात ताज्या तोडलेल्या लाकडाचा. मग आवाज. मोठा स्फोटबिट काही नाही. डंपरमधून खडी ओतावी तसा, फक्त तो थांबेचना. पायाखालून गेला, पोटातून गेला, कितीतरी वेळ चालला. धुक्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सगळे उठून अंगणाच्या कडेला आले आणि धुक्याकडं तोंड करून उभे राहिले. कोणी ओरडलं नाही. एक लहान पोरगी फक्त विचारत होती, "काय पडलं? काय पडलं?"

बापूंची गाडी आली तेव्हा आम्ही तसेच पाठमोरे उभे होतो. नंतर ते मला म्हणाले, की गाडीतून उतरलो, सगळं गाव उभं होतं आणि एकानंही मान वळवून माझ्याकडं पाहिलं नाही, तेव्हाच मला कळलं.

धुकं उठलं तेव्हा पलीकडं वाडी नव्हती. पडकी घरंही नव्हती. लालभडक, गुळगुळीत उतार होता आणि त्यावरून पाण्याचे ओघळ वाहत होते. कलती सागाची रांग मात्र तशीच उभी होती, पार खाली, खाचरांच्या मधोमध. उभीच्या उभी सरकून आली होती.

म्हादूबाबा सापडला नाही. यंत्रं आली, कुत्री आली, बापू स्वतः गुडघाभर चिखलात दिवसभर उभे राहिले. मग शोध थांबवला. पुतण्यानं कोरड्या दगडावर फूल ठेवलं आणि आम्ही परतलो.

त्यानंतर सगळं भराभर झालं. आधी हसलेल्या त्याच सभागृहात बापूंना बोलायला हवा तेवढा वेळ मिळाला. ते फारसं बोलले नाहीत. पठारावर, शाळेपलीकडं, वसाहतीला मंजुरी मिळाली. आमच्या कार्यकर्त्यांनी नाक्यावर फ्लेक्स लावले, 'द्रष्टे नेतृत्व' वगैरे. बापूंनी ते स्वतः उतरवायला लावले. म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचा फोटो आहे का त्याच्यावर? मग काढा."

घरं उभी राहिली. पत्र्याची नाहीत, चांगली स्लॅबची. गेल्या उन्हाळ्यात ताबा द्यायचा दिवस ठरला. मांडव, सनई, हार, सगळं होतं. बापूंनी फीत कापली आणि हिराबाईच्या हातात किल्ली दिली. हिराबाईनं दार उघडलं आणि ती उंबऱ्यावर थांबली. तिच्या मागं सगळ्या बाया थांबल्या. कोणी आत जाईना. सनईवाल्यांना काय चाललंय कळेना, तेही थांबले.

"काय झालं हिराबाई?"

"बापू, आधी तुम्ही आयका."

आमच्या पत्रकार मंडळींसमोर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात झेंडूचा हार घातलेला तो माणूस आत गेला आणि नव्या फरशीवर पालथा झाला. गाल टेकवला. डोळे मिटले.  बऱ्याच वेळानं उठले. म्हणाले, "काही नाही."

हिराबाई आत गेली. मग दुसरं घर. मग तिसरं. एकाही घरात बाया त्यांच्या आधी शिरल्या नाहीत. उन्हं कलेपर्यंत ते प्रत्येक घरात तसेच पालथे पडत होते आणि उठून तेच सांगत होते. एकाही पत्रकारानं फोटो काढला नाही. निदान छापला तरी नाही.

परतताना गाडीत त्यांच्या गालावर सिमेंटची धूळ होती. मी रुमाल दिला. त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

"झालं एकदाचं," मी म्हटलं. खरं तर मी स्वतःलाच म्हणाले होते. "कुठंच आवाज नाही."

"नाही."

घोटीचा फाटा मागं पडला. मग ते म्हणाले, "उद्या पहिलं पत्र त्या पठाराच्या तपासणीचं करा. पुन्हा एकदा. तातडीचं. मी फोन करतो."

"पण काही ऐकू आलं नाही ना?"

"नाही आलं," बापू म्हणाले. "त्या दिवशी सकाळी तरी कुठं येत होतं?"

तपासणी झाली. जागा सुरक्षित असल्याचं पथकानं कळवलं आहे, आणि या वेळी त्यांनी जीप बंद करून, घराघरांत बसून ऐकलं, हे मी स्वतः बघितलं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तिथं उतार नाही, झरे नाहीत, दारं नीट लागतात.

या पावसाळ्यात हिराबाईचा मला रोज फोन येतो. दुपारी, जेवणं झाली की. मी ऑफिसातून घरी पोचलेली असते.

"बाई, काय नाय आयकू येत," ती सांगते.

"बरं," मी म्हणते.

मग दोघींपैकी कोणीच फोन ठेवत नाही.